खुर्ची अर्धीच जोडली गेली आणि ग्लू सुकला! अवघड फर्निचरसाठी 'हळू' ग्लू कसा निवडायचा?

डायनिंग टेबलाची एक साधी खुर्ची डोळ्यांसमोर आणा. प्लास्टिकची नाही, सागवानाची. स्क्रू-खिळ्यांवर नाही, तर लाकडात लाकूड अडकवून सांध्यांवर उभी राहणारी.

तिला चार पाय. बैठकीखाली चार आडव्या पट्ट्या, म्हणजे आठ सांधे. खाली डाव्या-उजव्या बाजूला पायांना जोडणारे दोन दांडे, आणखी चार. त्या दोन दांड्यांना मधोमध बांधणारा एक दांडा, दोन. पाठीला वर एक पट्टी, खाली एक पट्टी, चार. आणि त्या दोन पट्ट्यांमध्ये तीन उभ्या पट्ट्या, सहा.

बेरीज केली तर २४ सांधे होतात. एका साध्या खुर्चीत!

आता प्रत्येक सांध्याला दोन बाजू असतात. एका लाकडाचं टोक कापून केलेली जीभ, जिला कुसू म्हणतात, आणि ती जिच्यात बसते ती खाच. दोन्हीकडे ब्रशने नीट ग्लू लावायला हात बसलेल्या माणसालाही २० सेकंद तरी लागतात. २४ गुणिले २० म्हणजे ४८० सेकंद. पूर्ण आठ मिनिटं. यात एकही सांधा अजून आत ढकललेला नाही, एकही क्लॅम्प आवळलेला नाही.

आणि लाकडाचा नेहमीचा पांढरा ग्लू उघड्यावर साधारण पाचेक मिनिटंच 'जिवंत' असतो.

म्हणजे शेवटच्या सांध्याला ग्लू लागेपर्यंत पहिल्या सांध्यावर साय धरलेली असते. मग कुसू अर्धा आत जातो आणि अडकतो. हातोड्याने ठोकला तर लाकूड चिरतं, ओढला तर बाहेर येत नाही. एक पाय चार मिलिमीटर वर राहिला की खुर्ची आयुष्यभर डुगडुगणार. सागवानाचे पैसे गेले, कापाकापीत घातलेले आठ-दहा दिवस गेले.

यूट्यूब बघून घरी सुतारकाम करणाऱ्यांची सगळ्यात मोठी फजिती इथेच होते. कापताना चूक झाली तर दुसरा तुकडा कापता येतो. ग्लू लावल्यावर मात्र मागे फिरायला फार थोडा वेळ असतो.

दुकानात चुकीचा प्रश्न विचारला जातो

हार्डवेअरच्या दुकानात जाऊन बहुतेक जण विचारतात, "सगळ्यात मजबूत कुठला?" दुकानदारही एक डबा काढून देतो. पण लाकडाच्या बाबतीत या प्रश्नाला फारसा अर्थ उरलेला नाही. चांगला बसलेला सांधा, योग्य दाब आणि कुठल्याही बऱ्या कंपनीचा लाकडाचा ग्लू असेल, तर रेषांच्या दिशेने जोडलेली दोन लाकडं ओढून तोडताना ग्लूच्या आधी लाकूडच फाटतं. ताकद सगळ्यांकडेच पुरेशी आहे.

विचारायचा प्रश्न वेगळा आहे. "यात मला किती मिनिटं मिळतील?"

हा प्रश्न आपल्याकडे सहसा विचारला जात नाही, कारण आपलं बरंचसं फर्निचर आता प्लायचं असतं. प्लायच्या कपाटात ग्लू लावला की लगेच खिळा किंवा स्क्रू मारून ते धरून ठेवतात. तिथे ग्लू जितका पटकन सुकेल तितकं मिस्त्रीला बरंच. म्हणून 'लवकर सुकतो' ही बाजारात जाहिरात करण्यासारखी गोष्ट आहे. 'हळू सुकतो' असं डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं क्वचितच दिसतं.

आधी सरस होता, मग पांढरा डबा आला

आज आपण लाकडाच्या कुठल्याही पांढऱ्या ग्लूला सर्रास फेविकॉल म्हणतो. त्याआधी सुतारांकडे असायचा सरस. जनावरांची कातडी आणि हाडं उकळून केलेला हा पदार्थ भिजवायचा, गरम करायचा आणि गरम असतानाच लावायचा. वास यायचा, शेगडी लागायची, वेळ जायचा.

१९५९ मध्ये फेविकॉल बाजारात आला. तो आणणारे बळवंत पारेख हे मूळचे गुजरातमधल्या महुव्याचे. मुंबईत येऊन कायद्याचं शिक्षण घेतलं, पण वकिली केली नाही. एका लाकूड व्यापाऱ्याच्या ऑफिसात त्यांनी शिपायाची नोकरीही केली होती. सुताराची अडचण त्यांनी जवळून पाहिली होती, असं म्हणायला हरकत नाही. थंडच लावायचा, वास नाही, शेगडी नाही, हे सुतारांना पटलं आणि सरस मागे पडला.

हा पांढरा ग्लू म्हणजे रसायनशास्त्राच्या भाषेत पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट, थोडक्यात पीव्हीए. पाण्यात प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात, म्हणून तो दुधासारखा दिसतो. लाकडाला लावला की पाणी दोन वाटांनी निघून जातं. काही हवेत उडतं, बरंचसं लाकूड पिऊन टाकतं. पाणी गेलं की कण एकमेकांना चिकटतात आणि पारदर्शक पापुद्रा तयार होतो.

इथेच सांधा अडकण्याचं खरं कारण आहे. लाकडाने पाणी प्यायलं की ते फुगतं. कोरडा असताना हाताने आत जाणारा कुसू ग्लू लागल्यावर जाड होतो, खाच आतून अरुंद होते आणि मधला ग्लू त्याच वेळी घट्ट होत असतो. तिन्ही गोष्टी एकदम घडतात. म्हणून जुने कारागीर सांगतात की कुसू एकदा आत ढकलायला घेतला की मध्ये थांबायचं नाही. अर्ध्यावर थांबून क्लॅम्प शोधायला गेलात, की परत आल्यावर तो हलेलच याची खात्री नाही.

डब्यावरचे २४ तास तुमच्या कामाचे नाहीत

डब्यावर 'सुकायला २४ तास' असं काहीतरी लिहिलेलं असतं. ते वाचून अनेकांना वाटतं, भरपूर वेळ आहे. पण ती सांध्याला पूर्ण ताकद यायला लागणारी वेळ आहे. आपल्याला हवी ती वेळ वेगळीच.

ग्लू लावल्यापासून दोन लाकडं एकमेकांना भिडवेपर्यंत जो वेळ मिळतो, त्याला ओपन टाइम म्हणतात. लाकडं भिडली की हवा बंद होते, त्यामुळे त्यानंतर थोडा जास्त वेळ मिळतो. तेवढ्यात गुण्या लावून काटकोन तपासायचा, तिरकं असेल तर सरळ करायचं आणि क्लॅम्प आवळायचे. ग्लू लावल्यापासून क्लॅम्प आवळेपर्यंतचा हा एकूण वेळ म्हणजे असेंब्ली टाइम. क्लॅम्प किती वेळ ठेवायचे, हा त्यानंतरचा प्रश्न.

अमेरिकेत घरोघरच्या गॅरेजमधल्या सुतारांचा लाडका 'टाइटबाँड' आता भारतातही ऑनलाइन मिळतो. त्याच्या माहितीपत्रकात हे आकडे स्वतंत्र दिलेले असतात. मूळ टाइटबाँडला उघड्यावर पाचेक मिनिटं आणि एकूण १० ते १५ मिनिटं. त्याच कंपनीच्या 'टाइटबाँड ३'ला उघड्यावर ८ ते १० आणि एकूण २० ते २५ मिनिटं. दोन्ही पाण्यातलेच ग्लू, पण दुसऱ्यात जवळपास दुप्पट वेळ हातात राहतो.

आपल्याकडच्या डब्यावर हे आकडे सापडले नाहीत तर कंपनीच्या वेबसाइटवर त्या उत्पादनाचं टेक्निकल डेटा शीट शोधायचं. बऱ्याचदा तिथे असतात.

एक गोंधळ इथेच मिटवलेला बरा. 'मरीन' किंवा 'वॉटरप्रूफ' याचा अर्थ हळू सुकणारा असा होत नाही. तो पाण्याला टिकतो, एवढंच. परदेशी बाटल्यांवर 'डी३', 'डी४' असं छापलेलं असतं, तेही पाण्याला किती दाद देतो त्याचं मोजमाप आहे, वेळेचं नाही. आणि सनमायका चिकटवायचा पिवळसर, रबरासारखा ग्लू सांध्यांसाठी कधीच वापरू नका. तो दोन्हीकडे लावून आधी सुकवायचा असतो आणि भिडवल्या क्षणी पकडतो. सरकवून जागेवर आणायला एक सेकंदही मिळत नाही.

कंपनीची लॅब २१ अंशांवर, तुमची गच्ची ४२ वर

हे सगळे आकडे एका ठरावीक हवेत मोजलेले असतात. टाइटबाँडचे आकडे साधारण २१ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रतेतले आहेत. एप्रिल-मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, नागपूर या भागात पारा ४० च्या वर असतो आणि हवा कोरडी ठणठणीत. अशा हवेत पाणी किती झपाट्याने उडेल, हे दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवरून कोणालाही सांगता येईल. डब्यावरची दहा मिनिटं तिथे दहा राहत नाहीत.

त्यात आपण डोक्यावर पंखा पूर्ण वेगात सोडून काम करतो! खुर्ची जोडताना पंखा बंद ठेवणं हा फुकटात मिळणारा 'स्लो ग्लू' आहे. घाम येईल, पण साय उशिरा धरेल. उन्हाळ्यात जोडणीचं काम पहाटे किंवा सकाळी लवकर करावं, लाकूड आणि ग्लू दोन्ही आदल्या रात्रीपासून घरातल्या थंड खोलीत ठेवावेत. गच्चीवर उन्हात तापलेल्या लाकडाला ग्लू लावणं म्हणजे तव्यावर पाणी शिंपडणं.

पावसाळ्यात कोकणात नेमकं उलट होतं. हवेत ओल आहे, लाकडातही ओल आहे, त्यामुळे पांढरा ग्लू निवांत सुकतो. वेळ मिळतो, पण क्लॅम्प नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवावे लागतात. शिवाय पावसात फुगलेलं लाकूड उन्हाळ्यात आकसतं, हे वेगळं दुखणं आहेच.

थंडीचीही एक मर्यादा असते. बहुतेक पांढऱ्या ग्लूंचे कण साधारण १० अंशांखाली नीट एकजीव होत नाहीत, पापुद्र्याऐवजी खडूसारखी पांढरी भुकटी राहते. निफाडसारख्या ठिकाणी हिवाळ्यात पारा एक आकडी होतो, तिथे हे लक्षात ठेवायला हवं. 'थंडीत हळू सुकतो, म्हणजे चांगलंच' असं समजून पहाटे जोडलेला सांधा नंतर हातात येऊ शकतो.

मग पर्याय कोणते?

पहिला पर्याय म्हणजे जास्त वेळ देणारा पांढरा किंवा पिवळा ग्लू. वर सांगितलेला 'टाइटबाँड ३' त्यातलाच, आणि त्याच कंपनीचा 'एक्स्टेंड' तर खास याच कामासाठी काढलेला आहे. पुसायला ओलं फडकं पुरतं, वास नाही, हातमोजे लागत नाहीत. आठ-दहा सांधे एका दमात जोडायचे असतील तर एवढं पुरेसं आहे. पण लाकूड फुगण्याचा प्रश्न इथेही राहतोच, कारण यातही पाणी आहे.

अनेक मिस्त्री नेहमीच्या ग्लूमध्येच पाणी घालून वेळ वाढवतात. थोडं चालतं. १०० भाग ग्लूला ५ भाग पाणी, यापुढे जायचं नाही. ताकासारखा पातळ केलेला ग्लू लाकूड पिऊन टाकतं आणि सांध्यात काही उरतच नाही.

दुसरा पर्याय इपॉक्सी. आपल्याकडे इपॉक्सी म्हटलं की 'अ‍ॅराल्डाइट'च्या दोन ट्यूब आठवतात. (योगायोग असा की अ‍ॅराल्डाइटचा भारतातला व्यवसायही २०२० मध्ये फेविकॉलवाल्या पिडिलाइटनेच विकत घेतला.) यात रेझिन आणि हार्डनर असे दोन भाग मिसळले की रासायनिक क्रिया सुरू होते. पाणी उडून जाण्याशी त्याचा संबंध नाही. त्यामुळे लाकूड फुगत नाही, उलट चिकट द्रवामुळे कुसू तेल लावल्यासारखा सरकतो. सांधा थोडा सैल कापला गेला असेल तर फट भरून निघते. हे काम पीव्हीए करू शकत नाही.

वेळही भरपूर मिळतो. बोटी बांधणाऱ्यांमध्ये प्रसिद्ध असलेल्या 'वेस्ट सिस्टीम'च्या इपॉक्सीत हार्डनर बदलून वेळ निवडता येतो. त्याचा 'स्लो' हार्डनर वापरला तर साधारण २२ अंशांना कपात मिश्रण २० मिनिटांच्या आसपास टिकतं, पण लाकडावर पातळ थरात पसरलं की दीड तासाच्या घरात काम करता येतं. वरची २४ सांध्यांची खुर्ची एवढ्या वेळात चहा पीत पीत जोडता येईल.

कपात आणि थरात हा फरक का? ही क्रिया होताना उष्णता बाहेर पडते. कपात गोळा असताना ती कोंडते, त्यामुळे क्रिया आणखी वेगाने होते आणि कप हाताला चटका देण्याइतका तापतो. म्हणून मिसळल्या मिसळल्या ते पसरट ताटलीत ओतायचं. उन्हाळ्याचा हिशेब इथेही आहे. तापमान १० अंशांनी वाढलं की वेळ जवळपास निम्मा होतो, असा ढोबळ नियम आहे. ४२ अंशांच्या दुपारी ते २० मिनिटांचे ५ होतील. 'पाच मिनिटांत सेट' होणारं इपॉक्सी तर या कामासाठी हातातही घेऊ नये. दुकानात ते स्टँडर्डच्या शेजारीच ठेवलेलं असतं आणि खोकी सारखीच दिसतात.

तोटे? महाग आहे. मापात मिसळावं लागतं, अंदाजपंचे चालत नाही. बाहेर आलेलं पुसायला पाणी कामाचं नाही, थिनर लागतं. आणि हातमोजे लागतातच, कारण वारंवार कातडीला लागलं तर काहींना कायमची अ‍ॅलर्जी होते. क्लॅम्पही हलकेच आवळायचे. जोर लावून आवळले तर सगळं बाहेर येतं आणि सांधा उपाशी राहतो.

तिसरा पर्याय ऐकून गंमत वाटेल. तोच, मागे पडलेला सरस. गरम सरस हा तसा सगळ्यात घाईचा ग्लू, कारण तो थंड झाला की लगेच गोठतो. पण म्हणूनच तो उन्हाला पांढऱ्या ग्लूच्या उलट वागतो. खोली जितकी गरम, तितका त्याला वेळ जास्त. त्यात युरिया मिसळला तर तो गरम न करताही पातळ राहतो आणि सावकाश घट्ट होतो. 'लिक्विड हाइड ग्लू' नावाने बाटलीत मिळतो तो हाच प्रकार, आणि त्याच्यात २०-३० मिनिटं हातात असतात. व्हायोलिन बनवणारे आजही सरसच वापरतात, कारण ऊब आणि ओल दिली की सांधा पुन्हा उघडतो आणि वाद्य दुरुस्त करता येतं. खुर्चीलाही हे लागू आहे. ५० वर्षांनी पाय ढिला झाला तर जुना सरस धुऊन नवा लावता येतो. दमट हवा मात्र त्याचा शत्रू आहे. कोकणातल्या घरात, ओट्यावर ठेवायच्या बाकासाठी तो नकोच.

फेस येणारा पॉलियुरेथेन ग्लू, म्हणजे 'गोरिला' वगैरे, हाही मध्यम वेळ देतो. पण तो हवेतल्या आणि लाकडातल्या ओलाव्यानेच घट्ट होतो, म्हणजे मुंबईच्या जुलैमध्ये त्याला घाई सुटणार. फेस फट भरल्यासारखा दिसतो, पण त्या फेसात दम नसतो. हाताला लागला की काळे डाग दिवसेंदिवस जात नाहीत. सांध्यांच्या कामासाठी त्याच्या वाटेला न गेलेलं बरं.

वाकवलेल्या लाकडाच्या कामाला मात्र वेगळा नियम आहे. आरामखुर्चीचा गोलाई असलेला हात करायचा तर तीन-तीन मिलिमीटरच्या आठ पट्ट्या एकावर एक चिकटवून साच्यात दाबतात. म्हणजे सात थरांना एकाच वेळी ग्लू. शिवाय वाकवलेल्या पट्ट्या सतत सरळ व्हायला बघत असतात आणि सुकलेला पीव्हीए अशा कायमच्या ताणाखाली अगदी सावकाश सरकतो. हात हळूहळू उलगडतो. इथे इपॉक्सी किंवा युरिया-फॉर्मल्डिहाइड रेझिन हवं, जे दगडासारखं कडक होतं. हे दुसरं रेझिन प्लायवूडच्या कारखान्यांत वापरतात. शेतकऱ्यांच्या सबसिडीचा युरिया प्लायवूडकडे वळवल्याच्या बातम्या येतात, त्यातला युरिया याच ग्लूसाठी जातो. २०१५ पासून युरियाला कडुनिंबाचा लेप देणं सक्तीचं झालं, त्यामागचं एक कारण ही पळवापळवी हेही होतं. घरी वापरणार असाल तर खिडक्या उघड्या ठेवा, फॉर्मल्डिहाइडची वाफ डोळ्यांना आणि नाकाला झोंबते.

पण थांबा, ग्लू बदलायची गरज आहे का?

महागडी बाटली मागवण्याआधी खुर्चीकडे पुन्हा एकदा बघा. २४ सांधे एकदमच जोडायला कोणी सांगितलंय?

पाठीच्या तीन उभ्या पट्ट्या वरच्या-खालच्या पट्टीत आधी बसवा. सहा सांधे, सुकू द्या. दुसऱ्या दिवशी ती जाळी आणि मागची बैठकीची पट्टी दोन मागच्या पायांमध्ये, आणखी सहा. पुढचे दोन पाय आणि पुढची पट्टी, दोन. खालच्या दोन दांड्यांमधला आडवा दांडा, दोन. शेवटी पुढची चौकट, मागची चौकट आणि त्यांना जोडणाऱ्या बाजूच्या पट्ट्या व दांडे. त्या दिवशी हातात फक्त आठ सांधे उरतात. आठ गुणिले वीस म्हणजे १६० सेकंद, तीन मिनिटांच्या आत. नेहमीचा ग्लूसुद्धा यात बसू शकतो.

सोबत दुसरा माणूस घेतला तर वेळ आणखी निम्मा. एकाने कुशांना लावायचं, दुसऱ्याने खाचांना. घरातलं कोणीही चालेल, फक्त आधी दाखवून ठेवावं.

अट एकच. प्रत्येक टप्पा काटकोनात सुकला पाहिजे. पाठ किंचित तिरकी सुकली तर शेवटच्या दिवशी आठही सांधे रुसतात. म्हणून पाठ जोडताना उरलेले भाग ग्लू न लावता सोबत अडकवून ठेवतात, ते साच्यासारखे काम करतात.

हे जमत नाही अशी कामं मोजकीच आहेत. वर आलेले वाकवलेले थर, चारही कोपऱ्यांना डव्हटेलचे दात आणि आत कप्प्यांच्या फळ्या अडकलेली पेटी, पाठीला डझनभर गोल काठ्या असलेली विंडसर खुर्ची. यांचे भाग एकमेकांना असे कोंडून ठेवतात की सगळं एकदमच मिटावं लागतं. हळू ग्लूचे पैसे तिथे खरे वसूल होतात.

रंगीत तालीम करा, मोबाइलवर वेळ लावून

कुठला ग्लू लागेल हे कळायचा खात्रीचा मार्ग म्हणजे ग्लू न लावता पूर्ण जोडणी करून बघणं. क्लॅम्प, लाकडी हातोडा, गुण्या, क्लॅम्पखाली ठेवायचे लाकडाचे तुकडे, सगळं मांडून ठेवा. कोरडाच ब्रश प्रत्येक सांध्यावर फिरवा, म्हणजे तो वेळही मोजला जाईल. मोबाइलवर स्टॉपवॉच चालू करा आणि शेवटचा क्लॅम्प आवळला की बंद करा.

समजा ९ मिनिटं लागली. खऱ्या वेळी हात चिकट असतात, एखादा क्लॅम्प घसरतो, कुसू फुगतो. दुप्पट धरा, म्हणजे १८. आता २० ते २५ मिनिटांचा ग्लू चालेल, १०-१५ चा चालणार नाही. तालमीला २० मिनिटं लागली तर सरळ इपॉक्सी घ्या किंवा टप्पे वाढवा.

ग्लूची परीक्षाही सोपी आहे. त्याच लाकडाच्या उरलेल्या तुकड्यावर, जोडणी ज्या वेळी करणार त्याच वेळी, त्याच खोलीत थर द्या. दर दोन मिनिटांनी नव्या जागी बोट टेकवा. बोट ओलं होतंय तोवर ठीक. साय जाणवली की घड्याळ बघा. तुमच्या घरातला खरा ओपन टाइम तोच. सागवान असेल तर हे जास्तच गरजेचं आहे. सागवान तेलकट असतं, ग्लू धरायला कुरकुर करतं. त्यामुळे रंधा मारून किंवा पॉलिश पेपरने घासून त्याच दिवशी ग्लू लावावा, आठवडाभर पडून राहिलेल्या भागावर नाही.

आणि तरीही अडकलाच तर?

हातोडा खाली ठेवा. ठोके मारल्याने सांधा उडी मारून परत मागे येतो किंवा लाकूड चिरतं. क्लॅम्प लावून सावकाश, सलग आवळत जा. अनेकदा हातोड्याला न जुमानलेला कुसू क्लॅम्पच्या सततच्या दाबाने जागेवर येतो.

दोन-तीन मिनिटांत हलला नाही, तर जोडायचा नाद सोडून उलट दिशेने सुरुवात करा. तेव्हाच सोडवला तर ओल्या फडक्याने आणि जुन्या टूथब्रशने सगळा ग्लू धुऊन निघतो. लाकूड एक-दोन दिवस सावलीत वाळवा, हलकं घासा आणि पुन्हा तालीम करा. 'राहू दे, वरून नवा ग्लू ओतू' हा विचार टाळावा, कारण सुकलेल्या पीव्हीएवर नवा पीव्हीए धड चिकटत नाही.

रात्रभर सुकून गेला असेल तरी पांढऱ्या ग्लूच्या बाबतीत आशा असते. तो उष्णतेने मऊ पडतो. हेअर ड्रायर किंवा हीट गन लांबून धरायची, फटीत गरम व्हिनेगर सोडायचं आणि धीराने, थोडं थोडं हलवत सोडवायचं. इपॉक्सीला यापेक्षा बरीच जास्त उष्णता लागते आणि तोवर लाकूडच काळं पडायची भीती असते. त्यामुळे इपॉक्सी वापरून जोडणार असाल तर शेवटचा क्लॅम्प आवळल्यावर गुण्या आणि फूटपट्टी घेऊन पुन्हा एक फेरी मारा. दोन्ही कर्ण मोजा, सारखे नसतील तर त्या वेळी क्लॅम्प तिरका करून सुधारता येतात. घाई नसलेल्या ग्लूचा हा वेळ त्यासाठीच वापरायचा असतो.